नोकरी सांभाळून बीटेक करायचंय? आधी शिफ्टचा प्रश्न सोडवा, कॉलेज नंतर बघू

कुपवाड, मिरज, पलूस, तिकडं साताऱ्याला कोडोली-देगाव, कुठल्याही एमआयडीसीत जावा, डिप्लोमा करून लागलेल्या पोरांचं दोन-तीन वर्षांनी एकच चालू होतं, डिग्री पाहिजे राव, डिग्रीशिवाय पुढची पोस्ट देत नाहीत. आणि पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या कॉलेजला घेऊ? मी मशीन शॉपच्या क्वालिटीला काम करत संध्याकाळच्या बॅचला बीटेक केलंय, आणि माझं मत असं आहे की कॉलेज हा तिसरा प्रश्न. पहिला शिफ्टचा, दुसरा ओव्हरटाईमचा. हे दोन सुटले तर साध्या कॉलेजातून पण डिग्री निघते, नाही सुटले तर चांगल्यातल्या चांगल्या कॉलेजला नंबर लागून उपयोग शून्य.

खाली लिहिलंय ते मुख्यतः डिप्लोमावाल्यांसाठी. बीएस्सी झालेल्यांना पण थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, बारावीला गणित असलं पाहिजे. आयटीआयवाल्यांनी आधी डिप्लोमा करायचा, दोन वर्षांचा ट्रेड असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. फक्त बारावी सायन्स असेल तर एमएचटी-सीईटी आणि पूर्ण चार वर्षं, ते नोकरीबरोबर होणं अवघडच.

कुठले रस्ते चालू, कुठले बंद

हे आधी क्लिअर करून घ्या कारण इथंच पैसे बुडतात. घरबसल्या, पत्राने, ऑनलाईन बीटेक असा प्रकार नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत इंजिनिअरिंग डिस्टन्स आणि ऑनलाईनमधून बाहेर ठेवलंय आणि त्याआधी २०१७ ला सुप्रीम कोर्टाने पण डिस्टन्सच्या इंजिनिअरिंग डिग्र्यांवर कडक निकाल दिलाय. तरी 'एका वर्षात डिग्री, मागच्या तारखेची' असं सांगणारे एजंट फिरत असतातच, परराज्यातल्या युनिव्हर्सिटीचं नाव सांगतात, हप्ते पण करून देतात. नादाला लागू नका, उद्या व्हेरिफिकेशनला कागद पाठवला की आहे ती नोकरी पण जायची.

एएमआयई, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, पण बरेच सीनियर लोक सुचवतात, त्यांच्या काळात ते चालायचं. पण ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच त्याची डिग्रीशी बरोबरी मिळते, आता नवीन नाव घालून बीटेकच्या जागी ते चालणार नाही. आयआयटी मद्रासचे डेटा सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचे ऑनलाईन कोर्स आहेत, अभ्यास तगडा आहे, पण ती बीएस डिग्री आहे, बीटेक नव्हे. जाहिरातीत बीई/बीटेकच मागितलं असेल तर तिथं अडकाल. आयटीत जायचं असेल तर मात्र जरूर बघा. बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा वर्क इंटिग्रेटेड कार्यक्रम पण आहे, त्याला कंपनीची संमती आणि कंपनीतलाच एक मेंटर लागतो.

सरळ रस्ता म्हणजे एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) वर्किंग प्रोफेशनल्सची, म्हणजे नोकरदारांची योजना. २०२३-२४ पासून मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी वेगळी बॅच चालवायला परवानगी आहे, वेळ संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी सोयीने ठेवता येते. डिप्लोमावाला थेट दुसऱ्या वर्षाला बसतो, तीन वर्षांत बाहेर. अट म्हणजे किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, कंपनी रजिस्टर्ड पाहिजे आणि कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत पाहिजे. किती किलोमीटर ते ज्या वर्षी ॲडमिशन घेणार त्या वर्षीच्या नियमांत बघा. अप्रेंटिसशिपचं वर्ष अनुभवात धरतात का हे पण आधीच विचारून घ्या, आपल्याकडं निम्मी पोरं त्यातूनच पुढं आलेली असतात.

अजून एक चोररस्ता आहे जो सगळ्यांना माहितेय पण कोणी लिहीत नाही. रेग्युलर बॅचला ॲडमिशन घ्यायची, नोकरी चालू ठेवायची आणि हजेरी 'मॅनेज' करायची. करणारे आहेत, पण तुमचा पीएफ आणि पंचिंग सांगतंय की सकाळी ११ ला तुम्ही शॉप फ्लोअरला होता आणि कॉलेजचं मस्टर सांगतंय त्याच वेळी थर्मोच्या (थर्मोडायनॅमिक्सच्या) लेक्चरला होता. पुढं सरकारी भरतीत किंवा मोठ्या कंपनीच्या तपासणीत अनुभव आणि डिग्री दोन्ही एकाच तारखांच्या निघाल्या की काय सांगणार? वेगळी बॅच मिळत असताना हे करण्यात शहाणपण नाही.

पायरी पहिली: साहेबांशी बोलणं

ॲडमिशनच्या निदान दोन-तीन महिने आधी. बोलणं साधारण असं होतं.

"साहेब, बीटेकला बसायचं म्हणतोय. तीन वर्षं मला सेकंड आणि नाईट नको, फर्स्ट नाहीतर जनरल द्या."

"अरे सगळ्यांनाच फर्स्ट पाहिजे असते, मी सेकंडला कुणाला उभा करू?"

"शनिवारी संध्याकाळी ब्रेकडाऊन ड्युटी लागली तर करतो की, फक्त सोमवार ते शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार सोडा."

"बघू की."

या 'बघू की'च्या भरवशावर फी भरायची नाही. साहेब चांगला असतोच ओ, पण त्याची बदली झाली की नवीन माणूस तुम्हाला ओळखत नाही. एचआरला मेल टाकायचा, साहेबांना कॉपीत ठेवायचं, त्यात बॅचची वेळ, किती वर्षं आणि बदल्यात तुम्ही काय देणार ते लिहायचं. बदल्यात काहीतरी दिलंच पाहिजे, नुसतं मागितलं तर देत नाहीत. कुणी सुट्टीवर गेला तर फर्स्टला डबल काम, ऑडिटच्या आधीचा आठवडा रजा नाही, असं काहीतरी. शिफ्टची अदलाबदल करायला एक जोडीदार पण शोधून ठेवा ज्याला सेकंडच सोयीची पडते, शेती असलेल्या बऱ्याच जणांना पडते, सकाळी रानात जाता येतं म्हणून.

त्याच मेलमध्ये एनओसी आणि अनुभव पत्र मागून घ्या, आणि एक प्रश्न विचारा, डिग्री झाल्यावर ग्रेड बदलते का? काही ठिकाणी आपोआप काहीच होत नाही, नवीन जागा निघाली तर अर्ज करा म्हणतात. हे आधी कळलेलं बरं. सरकारी किंवा झेडपी, महावितरणसारख्या ठिकाणी असाल तर आधी परवानगी, मग ॲडमिशन, उलट क्रम केला तर पुढं सर्व्हिस बुकात नोंद करताना भांडत बसावं लागतं.

पायरी दुसरी: १६८ तासांचा हिशोब

आठवड्याचे तास १६८. कागद घ्या आणि लिहा. ड्युटी जेवणाच्या सुट्टीसकट साडेआठ तास, सहा दिवस, ५१. कामाला येणं-जाणं रोज एक तास, ६. क्लास पाच संध्याकाळी तीन तीन तास आणि रविवारी सहा तास प्रॅक्टिकल, २१. कॉलेजचं येणं-जाणं ५. झोप सात तासांनी ४९. अंघोळ, जेवण, घरचं किरकोळ रोज तीन तास, २१. बेरीज १५३. उरले १५. त्यात १० ते १२ तास तरी स्वतः बसून अभ्यास लागतो, म्हणजे मोकळे राहिले तीन ते पाच. आठवड्याचे, बरं का.

आता यात आठवड्याला सहा तास ओव्हरटाईम घाला. बसतच नाही. मग लोक झोपेतून काढतात आणि पहिल्या सेमिस्टरला दोन-तीन केट्या (राहिलेले विषय) घेऊन बसतात. म्हणून ओव्हरटाईम हा पैशाचा प्रश्न आहे हे मान्य करा. समजा पगार २६,००० आहे, २६ दिवस आणि आठ तास धरले तर तासाला १२५, ओव्हरटाईम दुप्पट म्हणजे २५०. आठवड्याला सहा तास म्हणजे महिन्याला साधारण ६,००० गेले, तीन वर्षांत २,१६,०००. फीच्या आकड्यात हा आकडा मिळवला की डिग्रीचा खरा खर्च कळतो. घरी बायकोला, आईवडिलांना हाच आकडा सांगा, फी सांगू नका नुसती. कारण महिन्याच्या शेवटी कमी पडणार आहे ते हे सहा हजार.

शेती असेल तर तिचं कॅलेंडर पण शेजारी ठेवा. तासगावकडच्या पोरांची द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, नेमकी मिडसेमच्या आसपास, आणि खरड छाटणी एप्रिलमध्ये, म्हणजे सेमिस्टर संपत आलेलं असतं. दोन्ही वेळा बागेत माणूस लावायचे पैसे आधीच बाजूला काढा.

पायरी तिसरी: कॉलेज

आता कॉलेज. आपल्या भागात पर्याय कमी नाहीत. सांगलीत विश्रामबागला वालचंद, १९४७ पासूनचं. बुधगावला पीव्हीपीआयटी, आष्ट्याला अण्णासाहेब डांगे, राजारामनगरला आरआयटी. कराडला सरकारी इंजिनिअरिंग, साताऱ्याला रयतचं केबीपी, वाढे फाट्याकडं यशोदा. पण नाव बघून जाऊ नका, यातल्या कुठल्या कॉलेजात यंदा कुठल्या ब्रँचला वर्किंग प्रोफेशनल्सची बॅच मंजूर आहे ते बघा. त्यासाठी एआयसीटीईचं त्या वर्षीचं मान्यतेचं पत्र असतं, ईओए म्हणतात, कॉलेजच्या साईटवर टाकलेलं असतं. त्यात कोर्स, जागा आणि बॅचचा प्रकार छापलेला असतो. ऑफिसात 'मंजुरी आलीच समजा' म्हणाले तर पत्र येईपर्यंत थांबा. बॅचला पुरेशी मुलं जमली नाहीत तर बॅचच सुरू होत नाही, मग भरलेले पैसे परत कधी आणि कसे मिळणार ते पण विचारून ठेवा. राज्याच्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या सीईटी सेलच्या साईटवर नोटिसा येतात, पण त्या वाचून थांबू नका, कॉलेजात जाऊन मागच्या बॅचच्या एखाद्या पोराला चहाला बाहेर काढा. क्लास खरंच होतात का, का सगळं शनिवार-रविवारवर ढकलतात, लॅबचा असिस्टंट संध्याकाळी थांबतो का, पेपर दिवसा असतात का संध्याकाळी, हे सगळं तोच सांगेल.

अंतराचं एक सांगतो. कुपवाडवरून विश्रामबाग म्हणजे काहीच नाही. किर्लोस्करवाडी-पलूसवरून रोज सांगली मात्र जड जातं. शिरवळला काम आणि साताऱ्याला कॉलेज असेल तर मध्ये खंबाटकी घाट आहे, रोज संध्याकाळी तो करून परत जाणं म्हणजे तीन वर्षं चेष्टा नाही. आणि आपल्याकडं दिवाळीच्या आसपास साखर कारखाने चालू झाले की रात्रीचा रस्ता बदलतो. क्लास सुटल्यावर नऊ-साडेनऊला बाईकवर निघालं की पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर, समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात डोळे दिपलेले, आणि एकदम पंधरा-वीस फुटांवर उसाची वाढी (हिरवे शेंडे) लोंबताना दिसतात. डबल ट्रॉली असली तर ओव्हरटेक करताना एक संपली म्हणून आत घ्यायला जावं तर दुसरी चालूच. मार्चपर्यंत हे असंच. म्हणून शक्य असेल तर एसटी किंवा कॉलेजच्या जवळ राहणारा मित्र बघा, निदान हंगामात तरी. कंपनी बदलण्यापेक्षा खोली बदलणं सोपं.

कागदपत्रं

हे पटकन. दहावी मार्कशीट, डिप्लोमाच्या सगळ्या सेमच्या मार्कशीट, लिव्हिंग, डोमिसाईल, आधार. डिप्लोमाला खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, वेगळी एन्ट्रन्स नाही. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर लागू असेल तर. नॉन क्रिमीलेयर ३१ मार्चला संपतं हे दरवर्षी कुणीतरी विसरतोच, तहसीलला गर्दी व्हायच्या आधी काढा. शिक्षणात गॅप असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. नोकरीचे कागद म्हणजे अनुभव पत्र, एनओसी, पगाराच्या स्लिपा, पीएफचं स्टेटमेंट किंवा फॉर्म १६. अनुभव पत्रावर जॉईनिंगची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि कारखान्याचा पत्ता पाहिजे. हेड ऑफिस पुण्यात आणि पत्रावर तोच पत्ता छापला तर अंतराच्या अटीत विनाकारण अडकायला होतं. कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर असाल तर पत्र कोण देणार, कंपनी का कॉन्ट्रॅक्टर, हे आजच बघा, कारण बऱ्याच जणांचं सगळं इथंच थांबतं.

फी किती ते कॉलेजकडून लेखी घ्या, खाजगी कॉलेजांची फी फी रेग्युलेटिंग ऑथॉरिटी ठरवते. स्कॉलरशिप, फी सवलत आपल्या बॅचला लागू आहे का ते महाडीबीटीचं काम बघणाऱ्या क्लार्कला विचारा, रेग्युलर पोरांना मिळते म्हणून आपल्याला मिळेलच असं धरून बजेट करू नका. बँकेचं कर्ज काढलं तर व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते, ती जुन्या करप्रणालीत. कंपनी फी भरते म्हणाली तर बॉन्ड नीट वाचा, किती वर्षं थांबायचं आणि मध्येच सोडलं तर किती भरायचं.

एम-थ्रीच्या आधीचं गणित

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा खरा अडथळा हा. पहिल्या वर्षाचं गणित आपण केलेलंच नसतं आणि एम-थ्रीला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या पेपरला, सर सरळ लाप्लासपासून चालू करतात. मशीन शॉपला आठ वर्षं काढलेला, मायक्रोमीटर हातात घेतल्यावर डोळे मिटून साईज सांगणारा माणूस इंटिग्रेशन बाय पार्ट्सला गप्प होतो, त्यात लाज वाटायचं काही नाही.

ॲडमिशन आणि क्लास सुरू होणं यात जे आठवडे मिळतात ते यालाच द्या. क्रम असा ठेवा: आधी डिप्लोमाचं डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन परत, विशेषतः बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन, कारण इन्व्हर्स लाप्लासमध्ये निम्मं काम पार्शल फ्रॅक्शनचंच असतं. मग कॉम्प्लेक्स नंबर. मग लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन, कॉम्प्लिमेंटरी फंक्शन आणि पर्टिक्युलर इंटिग्रल. मग पार्शल डिफरन्सिएशन. शेवटी मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यूपर्यंत. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं पण हात चालत नाही, म्हणून रोज चार गणितं वहीत, मग बाकी काय ते. मेकॅनिकलवाल्यांना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि थर्मो तुलनेने सोपं जातं कारण डोळ्यासमोर वस्तू असते.

सेमिस्टर चालू झाल्यावर

अभ्यासाची वेळ सकाळची ठेवा. रात्री दहाला जेवून पुस्तक उघडणं हे फक्त ठरवायला छान असतं. फर्स्ट शिफ्ट असेल तर पहाटे पाच ते सहा, जनरल असेल तर पाच ते सात. प्रॅक्टिकलची जर्नल त्याच आठवड्यात लिहायची, शेवटच्या आठवड्यात सबमिशनला बारा प्रयोग एकदम लिहीत बसलेला माणूस पेपरला काय वाचणार. जुने पेपर पहिल्याच महिन्यात गोळा करा आणि प्रत्येक युनिटला दोन प्रश्न नक्की येतात असे टॉपिक आधी धरा, टॉपर व्हायला आपण आलेलो नाही. आपण सुटायला आलोय, आणि बरे मार्क घेऊन सुटायला.

रजेचा हिशोब वर्षाच्या सुरुवातीला. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा, म्हणजे वर्षाला साधारण १५. दोन सेमचे पाच-पाच पेपर धरले आणि ते दिवसा असले तर १० तिथंच गेल्या. दोन अवघड पेपरांच्या आदल्या दिवशीच्या २. राहिल्या ३, त्यात गावची जत्रा, लग्नं आणि आजारपण. मेहुण्याच्या लग्नाला हळदीपासून थांबायचं का नुसतं अक्षता टाकून यायचं हे या आकड्यावर ठरतं, घरच्यांना जूनमध्येच सांगून ठेवा म्हणजे डिसेंबरात तोंडं वाकडी होत नाहीत.

स्वयम-एनपीटेलचा, म्हणजे सरकारी ऑनलाईन कोर्स करून क्रेडिट मिळतात का ते कॉलेजला विचारा, मिळत असतील तर नोकरदारासाठी याच्यासारखी सोय नाही. दर आठवड्याची असाइनमेंट घरून, त्याला २५ मार्क, आणि शेवटी सेंटरवर जाऊन परीक्षा, तिला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सला चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे ऑडिटच्या आठवड्यात एखादी बुडाली तरी बिघडत नाही. फक्त त्या कोर्सला नाव घातल्यावर नव्हे, नाव घालायच्या आधीच विभागप्रमुखाकडून कोर्स मंजूर करून घ्या.

प्रोजेक्ट

इथं आपण रेग्युलर पोरांच्या पुढं असतो, पण बरेच जण विकत घेऊन मोकळे होतात. तुमच्या टेबलावर रिजेक्शनचं रजिस्टर असतं, दोन-दोन वर्षांचं. एक उदाहरण, पंपाच्या केसिंगचं कास्टिंग फाउंड्रीतून येतं, बाहेरून एकदम स्वच्छ, आणि बोअर मारताना शेवटच्या दोन मिलिमीटरला ब्लो होल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, उघडतं. तोपर्यंत मशीनचे तास, इन्सर्ट, माणूस सगळं खर्च झालेलं. रजिस्टरमध्ये नुसतं 'बीएच' लिहून फाउंड्रीला परत. आता त्याच नोंदी हीट नंबर (कुठल्या घाण्याचं ओतकाम), वाळूतला ओलावा आणि होल कुठल्या बाजूला होतं अशा लावल्या तर दोषांची कारणं शोधायचे पॅरेटो आणि फिशबोन तक्ते, पुढं प्रयोगांची आखणी, सगळा प्रोजेक्ट त्यातच आहे. गाईडला आकडे पाहिजे असतात आणि ते आपल्याकडं खरे आहेत. मात्र ड्रॉइंग आणि ग्राहकाचं नाव वापरायला कंपनीची लेखी परवानगी घ्या, मापं बदलून दाखवायची का ते पण ठरवा, आणि हे सातव्या सेमच्या आधी करा कारण परवानगीची फाईल फिरायला वेळ जातो. साहेबांना पण प्रेझेंटेशनला बोलवा, रिजेक्शन खाली आलं असेल तर ग्रेडचं बोलणं तिथंच निघतं.

रिझल्ट लागला की प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि मार्कशीटच्या झेरॉक्स एचआरला द्या आणि त्यावर तारखेची पोच घ्या, मेलने पण पाठवा. मूळ डिग्री पदवीदान झाल्यावर येते, त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तो भरायचा राहून गेलेले लोक मला दरवर्षी भेटतात. एनओसी, शिफ्टचा मेल, फीच्या पावत्या आणि कॉलेजचं त्या वर्षीचं मान्यतापत्र एकाच फाईलमध्ये ठेवा, नवीन कंपनीत व्हेरिफिकेशनवाले पहिल्यांदा हेच विचारतात की नोकरी चालू असताना डिग्री कशी केली.